न घातलेली बंदी: अमेरिकेत बंदुकांवरचं संशोधन दोन तपं का अडलं?

अमेरिकेत शाळेत किंवा मॉलमध्ये गोळीबार झाला की दोन-चार दिवसांत एक बातमी हमखास येते: बंदुकांवर संशोधन करायला तिथल्या सरकारी संस्थांना बंदी आहे. वाचणारा चक्रावतो. मंगळावर यान उतरवणाऱ्या देशाला आपली माणसं गोळी लागून का मरतात हे जाणून घ्यायचं नाही? लगेच दुसरी बाजूही हजर होते. बंदी कधीच नव्हती, सरकारी डॉक्टरांना राजकारण करायला तेवढी मनाई होती, असं ती ठासून सांगते.

दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. कायद्यात बंदी नव्हती, पण संशोधन जवळपास थांबलं होतं. ते कसं थांबलं, हे समजून घेण्यासारखं आहे. शिवाय त्यातून एक मोठा प्रश्न निघतो: ज्या विषयावर देश उभा दुभंगला आहे, त्यावर सरकारच्या पैशाने झालेला अभ्यास निःपक्षपाती मानायचा का?

आधी मरतं कोण, ते पाहू

२०२१ मध्ये अमेरिकेत गोळी लागून ४८,८३० माणसं दगावली. तोवरचा तो सर्वांत मोठा आकडा होता. २०२३ मध्ये तो ४६,७२८ वर आला. यातले निम्म्याहून जास्त मृत्यू आत्महत्येचे असतात, हे बाहेरच्या वाचकाला सहसा माहीत नसतं. उरलेल्यांत बहुतेक खून. जगभर बातम्या होणारे सामूहिक गोळीबार व्याख्येप्रमाणे टक्का-दोन टक्के भरतात. २०२० पासून मात्र १ ते १९ या वयोगटात मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण बंदूक हेच आहे. त्याआधी ते स्थान रस्त्यावरच्या अपघातांचं होतं.

म्हणजे ‘बंदूक हिंसा’ या एका नावाखाली निदान चार वेगळे प्रश्न आहेत: एकटेपणातली आत्महत्या, घरातल्या भांडणातून झालेला खून, शहरातल्या टोळ्यांचे गोळीबार आणि लहान मुलाच्या हाती लागलेलं पिस्तूल. एकावर लागू पडणारा उपाय दुसऱ्यावर पडेलच असं नाही. कुठला उपाय कुठे चालतो हे शोधायला संशोधन लागतं, आणि संशोधनाला पैसा.

१९९३ चा अभ्यास, ज्यावरून सगळं पेटलं

सीडीसी म्हणजे अमेरिकेचं रोगनियंत्रण आणि प्रतिबंध केंद्र, मुख्यालय अटलांटात. साथी आणि लसीकरण हे त्याचं नेहमीचं काम. पण तरुणपणी येणारे बरेच मृत्यू रोगापेक्षा अपघात आणि हिंसेने येतात, तेव्हा त्यांचाही साथीच्या रोगासारखा शिस्तीत अभ्यास करावा, हा विचार १९८० च्या दशकात तिथे रुजला. १९९२ मध्ये त्यासाठी दुखापत प्रतिबंधाचं स्वतंत्र केंद्र उभं राहिलं. बंदुकांच्या अभ्यासावर ते वर्षाला २६ लाख डॉलर खर्च करत असे. सीडीसीच्या एकूण खर्चापुढे ही रक्कम चिल्लरच.

या पैशावर झालेला एक अभ्यास ऑक्टोबर १९९३ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आला. आर्थर केलरमन आणि सहकाऱ्यांनी मेम्फिस, सिॲटल आणि क्लीव्हलंड ही शहरं ज्यांत येतात त्या तीन कौंटींमधले (म्हणजे जिल्ह्यांमधले), राहत्या घरात झालेले ४२० खून तपासले. मारल्या गेलेल्या प्रत्येक व्यक्तीसाठी त्याच वस्तीतली, त्याच वयोगटातली, त्याच वंशाची आणि लिंगाची एक जिवंत व्यक्ती शोधली आणि दोन्ही घरांत काय वेगळं होतं ते विचारलं. या रीतीला केस-कंट्रोल अभ्यास म्हणतात. सिगारेट आणि फुफ्फुसाचा कर्करोग यांचं नातं अशाच रीतीने उजेडात आलं होतं.

खून झालेल्या घरांपैकी सुमारे ४५ टक्के घरांत बंदूक होती, तुलनेच्या घरांपैकी ३६ टक्क्यांत. अमली पदार्थ, घरातली मारहाण, अटकेचा इतिहास, एकटं राहणं या गोष्टींचा हिशेब धरल्यावर निष्कर्ष निघाला की बंदूक असलेल्या घरात खून होण्याची शक्यता २.७ पट आहे. त्याच अभ्यासात अमली पदार्थांचा आकडा ५.७ होता आणि घरातल्या मारहाणीचा ४.४. पण मथळा २.७ चाच झाला.

नॅशनल रायफल असोसिएशन, म्हणजे एनआरए ही बंदूकधारकांची बलाढ्य संघटना, खवळली. तिचा राग बाजूला ठेवला तरी काही शास्त्रीय आक्षेप वजनदार होते. पहिला उलट्या कार्यकारणाचा. ज्या घरात औषधांचा डबा मोठा, त्या घरात आजारपण जास्त, हे कुठेही दिसेल. म्हणून औषधांनी आजार आणला असं कोणी म्हणत नाही. तसंच, ज्याच्या जिवाला धोका आहे तोच बंदूक विकत घेतो. केलरमन यांनी मारहाण आणि अटक यांचा हिशेब धरला होता, पण ‘मला कोणाची तरी भीती वाटते’ हे कुठल्याच रकान्यात मावत नाही.

दुसरा आक्षेप: या खुनांपैकी निम्मेच गोळीने झाले होते. बाकीचे सुऱ्याने, मारहाणीने, गळा दाबून. जिथे गोळी लागली तिथेही ती घरातल्याच बंदुकीची होती का, याचं उत्तर अभ्यासात नव्हतं. तिसरा आक्षेप असा की खून झालेल्या घरात बंदूक होती की नाही हे पोलिसांपासून लपत नाही, पण धडधाकट शेजारी दार उघडून अनोळखी माणसाला ते खरं सांगेलच याची खात्री काय?

याच लेखकाचा १९८६ चा एक आकडा तर आजही फिरतो: घरातल्या बंदुकीने स्वसंरक्षणात एक माणूस मारला जातो तेव्हा इतर कारणांनी ४३ जातात. सिॲटल परिसरातल्या मृत्यूंची ती साधी मोजदाद होती आणि त्या ४३ पैकी ३७ आत्महत्या होत्या. बंदूक नुसती दाखवून चोर पळाला तर त्याची नोंद त्यात कुठेच येत नाही. ज्यांना बंदुका नकोत त्यांनी ३७ चा तपशील गाळला, ज्यांना हव्यात त्यांनी आकडाच बनावट ठरवला.

पक्षपाताचा आरोप हवेतला होता का?

नव्हता. दुखापत केंद्राचे पहिले संचालक मार्क रोझेनबर्ग १९९४ मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’शी बोलताना म्हणाले होते की सिगारेटबद्दल लोकांचं मत जसं पालटलं तसं बंदुकीबद्दलही पालटायला हवं. केंद्राच्या काही अनुदानावर निघालेल्या एका वार्तापत्रात बंदूक कारखान्यांसमोर निदर्शनं करण्याची सूचना छापली गेली. करदात्याच्या पैशाने हे व्हावं का, हा प्रश्न अमेरिकी संसदेतल्या १९९६ च्या सुनावणीत विचारला गेला. तो विचारणं रास्तच होतं.

पण इथे दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या गेल्या. अधिकाऱ्याने जाहीरपणे मत मांडणं ही शिस्तीची बाब आहे आणि तिच्यावर शिस्तीचा उपाय आहे. २.७ हा आकडा बरोबर की चूक हे मात्र अधिकाऱ्याच्या मुलाखतीवरून ठरत नाही. त्यासाठी मोठा नमुना, वेगळी रीत आणि वेगळ्या मताचे संशोधक लागतात. म्हणजे आणखी संशोधन लागतं. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, नेमका त्याचाच गळा आवळला.

एक वाक्य आणि २६ लाख डॉलर

अमेरिकेत सरकारी खर्चाला काँग्रेस दर वर्षी विधेयकाने मंजुरी देते. या विधेयकाला अटी चिकटवता येतात. अशा अटीला ‘रायडर’ म्हणतात. पैसा हवा असेल तर अटही गिळावी लागते.

१९९६ मध्ये आर्कन्सॉचे रिपब्लिकन प्रतिनिधी जे डिकी यांनी असा एक रायडर आणला. आशय एवढाच: दुखापत प्रतिबंधासाठी सीडीसीला दिलेला निधी बंदूक नियंत्रणाचा पुरस्कार किंवा प्रचार करण्यासाठी वापरता येणार नाही. यात ‘संशोधन करू नका’ असं कुठेच म्हटलेलं नाही. जोडीला मात्र दुखापत केंद्राच्या निधीतून बरोबर २६ लाख डॉलर काढून ते मेंदूच्या दुखापतींच्या कामाकडे वळवले गेले. आदल्या वर्षी बंदुकांच्या अभ्यासावर झालेला खर्चही तेवढाच होता. शब्दांत मोघमपणा होता, आकड्यात अजिबात नव्हता. अधिकाऱ्यांनी आकडा वाचला.

अशी अट प्रत्यक्षात कशी काम करते, ते बघा. अनुदान देणाऱ्या अधिकाऱ्यापुढे अर्ज येतो: बंदूक कुलपात ठेवली तर मुलांचे मृत्यू कमी होतात का? उत्तर ‘हो’ आलं तर तो प्रचार झाला का? ‘पुरस्कार’ आणि ‘प्रचार’ यांची व्याख्या कायद्यात नव्हती. चुकलं तर त्या अर्जाबरोबर सगळ्या केंद्राचा निधी पणाला. मग वृद्धांचं घसरून पडणं, भाजणं, बुडणं यांचेच अर्ज मंजूर करणं शहाणपणाचं ठरतं. कोणाला लेखी मनाई करावी लागत नाही.

पुढची साखळी विद्यापीठात सुरू होते. नव्या संशोधकाला नोकरीत कायम व्हायचं तर तीन-चार वर्षांची अनुदानं आणावी लागतात. जिथे अनुदान नाही तो विषय तो घेत नाही. दहा वर्षांनी तो विषय शिकवणारेही उरत नाहीत. रोझेनबर्ग यांना १९९९ मध्ये पद सोडावं लागलं. सीडीसीच्या पैशावरचा एखादा लेख बंदुकांना स्पर्श करणार असेल तर त्याची आगाऊ कल्पना सीडीसी एनआरएला ‘सौजन्य म्हणून’ देते, अशी बातमी ‘न्यू यॉर्क टाइम्स’ने २०११ मध्ये छापली होती. त्याच सुमारास काँग्रेसने हीच अट एनआयएच या वैद्यकीय संशोधनाच्या सर्वांत मोठ्या सरकारी संस्थेलाही लावली. निमित्त होतं तिच्या पैशावर फिलाडेल्फियात झालेल्या एका अभ्यासाचं.

स्वतः डिकींचं मत पुढे बदललं. जुलै २०१२ मध्ये, कोलोरॅडोतल्या ऑरोरा इथे चित्रपटगृहात गोळीबार झाल्यावर, त्यांनी आणि रोझेनबर्ग यांनी मिळून लेख लिहिला की संशोधन व्हायला हवं. सुनावणीत एकमेकांसमोर उभे ठाकलेले हे दोघे पुढे मित्र झाले होते. डिसेंबर २०१२ मध्ये सँडी हुक शाळेतलं हत्याकांड झालं आणि जानेवारी २०१३ मध्ये ओबामांनी सीडीसीला संशोधन सुरू करण्याचा आदेश दिला. काँग्रेसने त्यासाठी मागितलेला पैसा दिला नाही आणि आदेश कागदावर राहिला.

सरकारने नाही दिला तर खासगी पैसा होता की

होता, पण तुटपुंजा. शिकागोच्या जॉइस फाउंडेशनने वर्षानुवर्षं अनुदानं दिली. न्याय खात्याची संशोधन शाखा गुन्हेगारीच्या अंगाने थोडंफार करत राहिली. कॅलिफोर्नियातले डॉक्टर गॅरेन विंटेम्यूट यांनी तर स्वतःच्या खिशातले दहा लाखांहून जास्त डॉलर घातले.

तुटवडा किती होता याचा अंदाज २०१७ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकातल्या एका लेखाने दिला. मृत्यूंच्या संख्येच्या प्रमाणात बघता २००४ ते २०१५ या काळात बंदूक हिंसेच्या संशोधनाला सुमारे १४० कोटी डॉलर मिळायला हवे होते. मिळाले २ कोटी २० लाख, म्हणजे १.६ टक्के. सेप्सिसने, म्हणजे जंतुसंसर्ग अंगभर भिनल्याने, साधारण तितकीच माणसं मरतात, आणि सेप्सिसच्या निधीच्या एक टक्काही निधी या विषयाला नव्हता.

शिवाय खासगी पैसा सरकारी पैशाची जागा घेऊ शकत नाही. दानशूर संस्था एखादा प्रश्न निवडते आणि दोन-तीन वर्षं त्याला पैसा देते. देशभरच्या शवविच्छेदन अहवालांची नोंद वीस वर्षं न चुकता ठेवणं तिच्या आवाक्यातलं नसतं. आणि बंदूक नियंत्रणाकडे कल असलेल्या देणगीदाराच्या पैशावर निघालेला निष्कर्ष दुसरी बाजू ऐकूनही घेत नाही. पक्षपाताच्या भीतीने सरकारी पैसा आटवला, आणि उरलेल्या पैशावर पक्षपाताचा शिक्का मारणं आणखी सोपं झालं.

मूळ दुखणं आकड्यांचं

संशोधकाचा हेतू कितीही स्वच्छ असला तरी कच्ची माहितीच नसेल तर तो काय मोजणार? अमेरिकेत नेमक्या किती घरांत बंदुका आहेत हे कोणालाच ठाऊक नाही. १९८६ च्या कायद्याने केंद्र सरकारला बंदुकांची राष्ट्रीय नोंदवही ठेवायला मनाई आहे. सीडीसीच्या वार्षिक दूरध्वनी पाहणीत घरात बंदूक आहे का हा प्रश्न २००१, २००२ आणि २००४ मध्ये सर्व राज्यांत विचारला गेला, नंतर वगळला. मग अभ्यासक आडमार्ग धरतात: राज्यातल्या एकूण आत्महत्यांपैकी बंदुकीने किती झाल्या त्यावरून मालकीचा अंदाज बांधतात. अंदाज बरा निघतो, पण आत्महत्येचाच अभ्यास करायचा असेल तर तो वापरता येत नाही, कारण उत्तर प्रश्नातच मिसळलेलं असतं.

गुन्ह्यात सापडलेली बंदूक मुळात कुठल्या दुकानातून विकली गेली याचा माग एटीएफ हे केंद्रीय खातं काढतं. २००३ पासून टिआर्ट दुरुस्ती या आणखी एका रायडरने ही तपशीलवार माहिती पोलिसांपलीकडे द्यायला बंदी घातली. गोळी लागूनही वाचलेल्यांची संख्या सीडीसी मोजक्या रुग्णालयांच्या नमुन्यावरून काढत असे. त्यात मोठ्या शहरातलं एखादं ट्रॉमा सेंटर आलं की देशाचा आकडा फुगायचा. अखेर ते अंदाज भरवशाचे राहिले नाहीत.

याला एक चांगला अपवाद आहे. पोलिसांचा अहवाल, मृत्यूचा दाखला आणि शवविच्छेदन या तिन्हींतली माहिती एकत्र जोडणारी हिंसक मृत्यूंची राष्ट्रीय नोंद २००२ मध्ये ६ राज्यांत सुरू झाली. सगळी ५० राज्यं तिच्यात यायला २०१८ उजाडलं.

संशोधक आधीच निष्कर्ष ठरवून बसतात, त्याचं काय?

हा आक्षेप दोन्ही बाजूंना लागू होतो. बंदूकप्रेमींचा लाडका आकडा घ्या: अमेरिकेत दर वर्षी २५ लाख वेळा बंदूक स्वसंरक्षणासाठी वापरली जाते. गॅरी क्लेक आणि मार्क गर्ट्झ यांच्या १९९५ च्या लेखातला हा आकडा दूरध्वनी पाहणीतून आला. सुमारे ५,००० जणांना विचारलं, १.३ टक्क्यांनी गेल्या वर्षभरात आपण स्वतः असा वापर केल्याचं सांगितलं, आणि त्याला देशातल्या १९ कोटी प्रौढांनी गुणलं.

यात एक गणिती सापळा आहे, तो एकदा कळला की अनेक पाहण्या वाचायची नजर बदलते. ५,००० मधला एक माणूस इथे ३८,००० जणांच्या वतीने बोलतो. समजा, प्रत्यक्षात हजारात एकानेच बंदूक अशी वापरली, म्हणजे नमुन्यात ५ जण. उरलेल्या ४,९९५ पैकी एक टक्का लोक चुकीचं ‘हो’ म्हणाले, कोणी फुशारकीने, कोणी तीन वर्षांपूर्वीची घटना गेल्या वर्षीची समजून. हे झाले ५० जण. पाहणीत दिसणार ५५. एक टक्क्याच्या चुकीने आकडा अकरापट झाला. उलट चूक, म्हणजे खऱ्या पाचांपैकी एखाद्याने ‘नाही’ म्हणणं, फार तर पाचाचे चार करते. दुर्मीळ घटना पाहणीतून मोजल्या की त्या फुगतातच.

सरकारची गुन्ह्यांच्या बळींची पाहणी हाच आकडा साधारण एक लाखाच्या आसपास किंवा त्याखाली दाखवते. तिच्यातही खोट आहे. ती हा प्रश्न फक्त आधी गुन्ह्याची हकीकत सांगणाऱ्यांनाच विचारते, आणि विचारणारा सरकारी माणूस असतो. ज्याची बंदूक बेकायदा आहे तो गप्प बसणार. म्हणजे खरा आकडा दोहोंच्या मध्ये कुठेतरी, बहुधा खालच्या टोकाकडे.

यातली महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. फिलिप कुक आणि जेन्स लुडविग या बंदूक नियंत्रणाला अनुकूल मानल्या जाणाऱ्या अभ्यासकांनी न्याय खात्याच्या पैशावर अशीच पाहणी केली. त्यांनाही पंधरा लाखांच्या आसपास उत्तर मिळालं. त्यांनी ते दडवलं नाही. जसंच्या तसं छापलं आणि आपल्याला ते का फुगलेलं वाटतं हेही लिहिलं. तसंच विंटेम्यूट यांच्या गटाचं. कॅलिफोर्नियाने १९९१ मध्ये प्रत्येक विक्रीला पार्श्वभूमी तपासणी, म्हणजे घेणाऱ्याचा पूर्वेतिहास बघणं, सक्तीची केली. त्या कायद्यानंतरच्या दहा वर्षांत खून किंवा आत्महत्या कमी झाल्याचं दिसत नाही, असा निष्कर्ष या गटाने सहलेखकांबरोबर छापला. नियंत्रणवाद्यांना हा निष्कर्ष अडचणीचा होता.

संशोधकाला मत नसावं ही अपेक्षा भाबडी आहे. मत असूनही ते मोजमापात उतरू नये यासाठी काही साध्या गोष्टी लागतात: काय मोजणार ते आधी जाहीर नोंदवणं, कच्ची माहिती आणि गणिताचा कोड खुला ठेवणं, आणि विरुद्ध मताच्या माणसाला तेच गणित पुन्हा करू देणं.

पैसा परत आला तो अटींसह

फेब्रुवारी २०१८ मध्ये फ्लोरिडातल्या पार्कलँडच्या शाळेत १७ जण मारले गेले. पुढच्याच महिन्यात काँग्रेसने खर्चाच्या विधेयकासोबतच्या टिपणात स्पष्ट केलं की सीडीसीला बंदूक हिंसेच्या कारणांचा अभ्यास करायचा अधिकार आहे. पैसा तेव्हाही दिला नाही. तो डिसेंबर २०१९ मध्ये आला: अडीच कोटी डॉलर, निम्मे सीडीसीला, निम्मे एनआयएचला. डिकी रायडर तसाच ठेवून.

या निधीसोबतच्या सूचना वाचण्यासारख्या आहेत. अनुदान घेणाऱ्याने संशोधनाचा आराखडा आधी नोंदवावा, माहिती आणि कोड खुला करावा, लेख सर्वांना फुकट वाचता यावा, आणि निवड वैचारिक व राजकीय पक्षपाताविना व्हावी यासाठी सीडीसीने काय केलं ते काँग्रेसला कळवावं. हीच अट १९९६ मध्ये घालता आली असती.

मग १९९३ च्या प्रश्नाचं उत्तर मिळालं का?

बरंचसं. कॅलिफोर्निया हे राज्य पिस्तूल विक्रीची नोंद ठेवतं. स्टॅनफर्डचे डेव्हिड स्टडर्ट आणि सहकाऱ्यांनी ही नोंद मतदार याद्या आणि मृत्यूच्या दाखल्यांशी जोडली. आता कोणाच्या दारात जाऊन विचारायची गरज नव्हती, आणि ४२० खुनांऐवजी २ कोटी ६३ लाख प्रौढांचा बारा वर्षांचा हिशेब हाताशी आला. २०२० मध्ये छापलेल्या या अभ्यासात पिस्तूलधारकांमध्ये बंदुकीने होणारी आत्महत्या पुरुषांत सुमारे ८ पट आणि स्त्रियांत ३५ पट आढळली. जीव द्यायचं ठरवलेला माणूस बंदूक विकत घेतो म्हणून हे दिसतं का? काही प्रमाणात हो. खरेदीनंतरच्या लगेचच्या काळात धोका सर्वांत जास्त होता. पण तो पुढची अनेक वर्षं टिकून राहिला आणि बरेच मृत्यू खरेदीनंतर वर्ष उलटून गेल्यावर झाले. ‘तसाही कसातरी गेलाच असता’ हेही खरं ठरलं नाही, कारण इतर मार्गांनी होणाऱ्या आत्महत्या पिस्तूलधारकांत जास्त नव्हत्या.

संकटाच्या क्षणी जीवघेणं साधन हाताशी नसलं तर पुष्कळ माणसं वाचतात, हे आपल्याकडच्या विदर्भ-मराठवाड्यातल्या कीटकनाशकांच्या प्रश्नालाही लागू आहे. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकं टप्प्याटप्प्याने बंद केली आणि तिथलं आत्महत्यांचं प्रमाण खूप खाली आलं.

२०२२ मध्ये याच गटाने खुनांकडे मोर्चा वळवला आणि इथे केलरमन यांच्यावरच्या आक्षेपाला थेट हात घातला. त्यांनी बंदूक घेणारा सोडून त्याच्यासोबत राहणारी, स्वतः पिस्तूल नसलेली माणसं तपासली. धोका वाटतो म्हणून बंदूक घेतली हा मुद्दा या माणसांना तितकासा लागत नाही. त्यांचा खून होण्याचं प्रमाण दुपटीहून जास्त निघालं. जोडीदाराच्या गोळीने मरण्याचं सातपट, आणि त्यात बहुसंख्य स्त्रिया. म्हणजे १९९३ ची रीत कच्ची होती, पण दिशा चुकली नव्हती. हे कळायला जवळपास तीस वर्षं लागली, कारण मधल्या काळात कोणी नीट मोजलंच नाही.

संशोधन म्हणजे बंदुका काढून घ्यायची तयारीच ना?

रस्ते अपघातांचा अभ्यास अमेरिकेने १९६० च्या दशकापासून सरकारी पैशाने केला. सीटबेल्ट आले, एअरबॅग आल्या, दारूची मर्यादा आली. गाडी कोणाची काढून घेतली नाही. डिकी आणि रोझेनबर्ग यांनी आपल्या लेखात हाच दाखला दिला होता.

त्याहून बोलका पुरावा फिलाडेल्फियाचा आहे. तिथल्या ५४१ पडीक भूखंडांपैकी काही चिठ्ठ्या टाकल्यासारखे यादृच्छिक निवडून साफ केले, गवत आणि झाडं लावली, बुटकं लाकडी कुंपण घातलं. बाकीचे तसेच ठेवले. दारिद्र्यरेषेखालच्या वस्त्यांत अशा भूखंडांभोवतीची बंदूक हिंसा २९ टक्क्यांनी घटली. पैसा एनआयएच आणि सीडीसीचा होता. या उपायात कुठल्याही बंदुकीला कोणी हात लावलेला नाही.

धोरणांबद्दल नेमकं काय ठाऊक आहे हे बघायचं असेल तर रँड या संशोधन संस्थेचा आढावा बरा. ती प्रत्येक कायद्याच्या प्रत्येक परिणामाला पुराव्याची प्रतवारी देते. वरची प्रत फार थोड्यांना मिळाली आहे: मुलांच्या हाती बंदूक लागू न देण्याचे कायदे तरुणांच्या आत्महत्या आणि अपघात कमी करतात, माघार न घेता गोळी झाडायची मुभा देणारे कायदे खून वाढवतात. बहुसंख्य रकान्यांत मात्र ‘अनिर्णित’ असा शेरा आहे. तो ‘परिणाम नाही’ असा वाचू नका. पुरेसा पुरावा जमलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आणि सध्या?

अडीच कोटींची रक्कम पुढची वर्षं तेवढीच राहिली, म्हणजे महागाई धरता घटत गेली. तेव्हाचे सर्जन जनरल, म्हणजे सरकारचे सार्वजनिक आरोग्याचे प्रमुख डॉक्टर, विवेक मूर्ती यांनी जून २०२४ मध्ये बंदूक हिंसा हे सार्वजनिक आरोग्याचं संकट असल्याची सूचना जारी केली. मार्च २०२५ मध्ये ती सरकारी संकेतस्थळावरून काढली गेली. एप्रिल २०२५ मध्ये दुखापत केंद्रातल्या अनेक कर्मचाऱ्यांना कमी करण्यात आलं, त्यांत मृत्यू आणि दुखापतींची आकडेवारी सांभाळणारेही होते. कायदा याही वेळी बदललेला नाही. मृत्यूचे दाखले राज्यांत भरले जातच राहतात. ते तपासून, एकसारख्या खुणांनी वर्गवारी करून अभ्यासकांसाठी खुले करणारी माणसं अटलांटात कमी झाली, तर त्याचा परिणाम लगेच कोणाला जाणवत नाही. अशा फाइली साधारण दोन वर्षांच्या अंतराने बाहेर पडतात.